तारीख चुकली, सहल झाली
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



सेक्रेटरींनी मला पंधरा दिवसांपूर्वी विषय दिला होता, 'निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन'. बँकेत ३६ वर्षं काढलेल्या माणसाला दुसरा विषय कोण देणार? मी टिपणंही काढली. पण काल रात्री ती वाचताना मलाच जांभया यायला लागल्या. आणि खरं सांगायचं तर ज्येष्ठांच्या ठेवींचे व्याजदर इथल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. तेव्हा विषय बदलायची परवानगी मी तुमच्याकडे मागत नाही, परस्पर घेतो. आज मी नियोजन न करण्याबद्दल बोलणार आहे. सगळ्या आयुष्याबद्दल नाही, तेवढी माझी लायकी नाही. फक्त एका गोष्टीबद्दल: अम्यूझमेंट पार्कची, म्हणजे हल्ली ज्याला थीम पार्क म्हणतात त्याची सहल.

हा विषय कुठून सुचला ते आधी सांगतो. जुन्या सभासदांना आठवत असेल, २०१९च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सोसायटीची एक सहल काढावी असा ठराव एकमताने मंजूर झाला. आपल्या सोसायटीत एकमताने मंजूर झालेले ठराव फार नाहीत, त्यातला हा एक. सहल समिती नेमली, निमंत्रक मी. मी काय केलं? बसवाल्यांकडून तीन कोटेशनं मागवली. तुलनात्मक तक्ता केला. जेवणात जैन किती, मधुमेही किती, उपवासाचे किती याची यादी केली. खिडकीजवळची जागा कोणाला द्यायची यावर दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीचं इतिवृत्त अडीच पानांचं आहे. मग पावसाळा आला, म्हणून गणपतीनंतर ठरलं. गणपतीनंतर सहामाही परीक्षा, म्हणून दिवाळीनंतर. दिवाळीनंतर लग्नसराई. शेवटी मार्च २०२० ची तारीख पक्की केली. पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. सहल गेली नाही. फाइल मात्र माझ्याकडे आहे, ४२ पानी, अगदी अप टू डेट. ऑडिटला केव्हाही या.

हा माझा जुना रोग आहे. नोकरीत असताना आम्हाला दर दोन वर्षांनी एलएफसी मिळायची. प्रत्येक एलएफसीची मी एक वही करायचो. गाडी किती वाजता, फलाट कुठला, हॉटेल ते देऊळ रिक्षाला किती, देवळात किती मिनिटं. ३१ मार्चच्या क्लोजिंगला कॅश टॅली व्हावी तशी माझी सहल रोज रात्री टॅली व्हायची. नाही झाली तर मला झोप लागत नसे. मुलं झोपलेली असायची, ही झोपलेली असायची, आणि मी हॉटेलच्या पिवळ्या दिव्याखाली चहाची पावती शोधत बसलेला असायचो.

आता १९९२ साली जातो. तेव्हा आम्ही दादरला राहत होतो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं होतं आणि टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की मुलगा जेवणाचं ताट सोडून उठायचा. तीन वर्षं तो मला विचारत होता, "बाबा, कधी जायचं?" आणि तीन वर्षं मी सांगत होतो, "नीट ठरवून जाऊ." त्या तीन वर्षांत माझी एक बदली झाली, एक प्रमोशनची परीक्षा झाली, आणि ते 'नीट ठरवून' आमच्या सस्पेन्स अकाउंटमध्ये पडून राहिलं.

मे महिन्यात हिच्या मामेभावाच्या मुलाची मुंज होती, इथे बोरिवलीला. रविवारी सकाळी आम्ही सगळे नटूनथटून निघालो. हिने नारायण पेठ नेसलेली. मुलाला नवा झब्बा, मुलीला परकर-पोलका, माझ्या हातात आहेराची पिशवी. पिशवीत स्टीलचा तांब्या आणि फुलपात्र, खिशात एकशे एक रुपयांचं पाकीट. कार्यालयात पोचलो. सनई वाजत होती. दारात कोणीतरी अत्तर लावलं, हातावर पेढा ठेवला. आम्ही आत जाऊन पंख्याखाली बसलो. कैरीचं पन्हं आलं, तेही प्यालो. ही इकडेतिकडे बघत म्हणाली, "अहो, आपलं एकही माणूस कसं दिसत नाही?" मी म्हटलं, "मंडळी उशिरा येतात, आपण वेळेवर आलोय." तेवढ्यात नवरा मुलगा घोड्यावरून आला. आठ वर्षांच्या बटूची मुंज आणि मिशा असलेला नवरदेव! मी पत्रिका बाहेर काढली. मुंज १७ मेला होती. त्या दिवशी होती १० मे.

ज्याने जन्मात कधी चेकवरची तारीख न बघता पास केली नाही तो मी, सहकुटुंब आठ दिवस आधी, दुसऱ्याच्या लग्नात, पन्हं पिऊन बसलेला. आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो. ही रस्त्यावर येईपर्यंत गप्प होती, मग जी हसायला लागली ती स्टेशन येईपर्यंत. मी मात्र चिडलेला. सबंध रविवार वाया, परतीचं तिकीट, उन्हाचा कडाका. आणि बोरिवली स्टेशनच्या बाहेर मुलाने माझा हात सोडला आणि बोट दाखवलं. गोराई खाडीकडे जाणारी बस उभी होती.

मी नाही म्हणणार होतो. पैसे मोजून आणलेले नव्हते, कॅमेरा नव्हता, डबा नव्हता, टोप्या नव्हत्या. मुख्य म्हणजे वही नव्हती. पण ही बसमध्ये चढलीसुद्धा. नारायण पेठेतली बाई बसमध्ये चढली की बँक ऑफिसरने खाली उभं राहून काय करायचं?

खाडीवर होडी लागलेली होती. त्या होडीत बसलो आणि दादरहून आणलेलं सगळं मागे राहिलं. खारा वारा, दोन्ही काठांना तिवरं, आणि कुठेतरी पुढे तो प्रचंड पाळणा दिसायला लागल्यावर मुलांचा झालेला एकच गलका. तिकिटाच्या खिडकीवर माझे पैसे कमी पडले. मी हिच्याकडे पाहिलं, हिने माझ्या खिशाकडे पाहिलं. आहेराचं पाकीट तिथेच फोडलं.

दिवसभर आम्ही काय केलं ते मला कुठल्याच क्रमाने सांगता येणार नाही, कारण क्रम नव्हताच. जिथे रांग लहान दिसली तिथे उभे राहिलो. टकरा देणाऱ्या गाड्यांवर मुलगा चार वेळा बसला. मुलीला एका घोड्यावरून उतरायचंच नव्हतं, म्हणून आम्ही त्या चक्रापाशी अर्धा तास थांबलो, कोणाला काही घाई नव्हती. तहान लागली तेव्हा हिने पिशवीतून आहेराचा तांब्या काढला आणि नळावर भरून आणला. मग दिवसभर तो तांब्या आमच्याबरोबर फिरला. दुपारी ही म्हणाली, "मला त्या उंच गाडीत बसायचंय." रोलर कोस्टर. मी म्हटलं, "अगं, साडी नेसून?" तिने पदर कमरेला खोचला, पर्स माझ्याकडे दिली आणि मुलाचा हात धरून गेली. मी खाली बाकावर बसलो. मांडीवर मुलगी, एका हातात पर्स, एका हातात तांब्या. वरून माझ्या बायकोची किंकाळी ऐकू आली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तोपर्यंत मी तो आवाज ऐकला नव्हता.

मी स्वतः बसलो नाही. "पिशवी कोण सांभाळणार" म्हणालो. खरं कारण भीती होतं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय आणि ही समोर पहिल्या रांगेत बसून हसतेय, म्हणजे तिला तेव्हाही माहीत होतं.

संध्याकाळच्या परतीच्या होडीत मुलगी माझ्या खांद्यावर झोपली. मुलगा बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी पण तारीख चुका हं."

पुढच्या रविवारी तोच तांब्या चिंचेने लखलखीत घासून आणि नवं पाकीट करून आम्ही मुंजीला गेलो. बटू आज चाळिशी ओलांडून गेलाय आणि त्याच्या घरी तो तांब्या अजून असावा. ३३ वर्षांनी गुपित फोडतोय, त्याने मोठ्या मनाने घ्यावं.

पुढे २००० साली आपली सोसायटी उभी राहिली आणि आम्ही इथे राहायला आलो. म्हणजे खाडी रिक्षाच्या अंतरावर आली. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्यानंतर आम्ही एकदाही गेलो नाही. जवळ आहे, केव्हाही जाता येईल, नीट ठरवून जाऊ.

आता २०१७. मुलगा न्यू जर्सीत, नातू सहा वर्षांचा. आम्ही दोघं उन्हाळ्यात तिकडे गेलो होतो आणि मुलाने फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्डची सहल ठरवली. ठरवली म्हणजे कशी? जेवणाच्या टेबलाची आरक्षणं तेव्हा १८० दिवस आधी उघडायची. म्हणजे नातू जूनमध्ये मिकी माउसबरोबर नाश्ता करणार हे आदल्या डिसेंबरात ठरलेलं. तेव्हा तिथे फास्टपासची पद्धत होती. रोज तीन खेळांची वेळ आधी राखून ठेवायची, त्यांच्या हॉटेलात उतरणाऱ्यांनी ६० दिवस आधी, बाहेर राहणाऱ्यांनी ३० दिवस. आम्ही बाहेरचे. तिसाव्या दिवशी मुलगा आणि सूनबाई पहाटे उठून दोन लॅपटॉप लावून बसले होते. (ती पद्धत आता गेली. आता रांग चुकवायला वेगळे पैसे भरावे लागतात आणि तेही कोणत्या वेळेला ते आधीच ठरवावं लागतं, असं मुलगा सांगतो.)

त्याने मला एक्सेलचा तक्ता दाखवला. चार दिवस, प्रत्येक दिवसाला एक रंग, दर पंधरा मिनिटांची एक ओळ. 'आई-बाबा विश्रांती: २.१५ ते २.४५.' मला अभिमान वाटला. खोटं बोलत नाही, ऊर भरून आला. माझी वही सातासमुद्रापलीकडे जाऊन सुधारून आली होती.

पहिल्या दिवशी गाडी लावली आणि कळलं की त्या मुख्य पार्कात, मॅजिक किंगडममध्ये, शिरायला एक तळं ओलांडावं लागतं. मोनोरेलने जा नाहीतर फेरी बोटीने. तक्त्यात मोनोरेल होती. हिने बोट बघितली आणि सरळ बोटीकडे चालायला लागली. "गोराईसारखं आहे गं सगळं," ती सूनबाईला सांगत होती. सूनबाईला गोराई काय माहीत, ती नागपूरची.

सकाळ तक्त्याप्रमाणे गेली. एक खेळ झाला की मुलगा घड्याळ बघायचा, "चला, चला." नातू एका बदकापाशी थांबला. खरं बदक, तळ्यावरून आलेलं, कोणाच्या तरी पॉपकॉर्नमागे पळत होतं. त्याला ते बघायचं होतं. "बेटा, आपल्याला सात मिनिटं आहेत." बदक राहिलं.

दुपारी दोनला आभाळ भरून आलं. फ्लोरिडातला उन्हाळ्यातला पाऊस आपल्या वळवासारखाच, विजा कडाडत येतो. वीज दिसली की तिथे उघड्यावरचे सगळे खेळ बंद करतात. आमची खाणीतल्या आगगाडीची वेळ होती, सात बुटक्यांची, सगळ्यात अवघड मिळालेली. ती बंद. तसं नुकसान काही नव्हतं, त्या पासावर नंतर दुसरीकडे बसता येतं. पण तक्ता कोसळला होता. एका पागोळीखाली आम्ही पाच जण उभे, नातू रडतोय, सूनबाई त्याला रेनकोट घालतेय, मुलगा फोनवर बोटं आपटत नवी जुळणी करतोय. मी समजुतीने म्हटलं, "अरे, राहू दे ना." तो एकदम उसळला. "बाबा, माणशी किती डॉलर दिलेत कल्पना आहे? राहू दे काय!"

मी गप्प बसलो. कारण तो आवाज माझा होता. उटीला, १९९४ साली, नीलगिरीच्या छोट्या रेल्वेत मी नेमका असाच बोललो होतो.

इतक्यात ही कुठे दिसेना. शोधलं तर समोरच्या एका गोल इमारतीच्या दारात उभी राहून हात करत होती. रांग नव्हती, पास नको होता, आत एसी होता. तिचे गुडघे तेव्हा फार दुखायचे, आत खुर्च्या दिसल्या एवढंच तिने पाहिलं होतं. ते 'कॅरुसेल ऑफ प्रोग्रेस' निघालं. तक्त्यात त्याचं नावही नव्हतं. वॉल्ट डिस्नेने हे १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी करवून घेतलं आणि १९७५ पासून ते इथे आहे. गंमत अशी की रंगमंच जागच्या जागी असतात आणि आपण बसलेलं प्रेक्षागृहच त्यांच्याभोवती फिरतं. एक कुटुंब, यंत्राची माणसं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून घरात काय काय येत गेलं ते दाखवतात. विजेचा दिवा, पंखा, बर्फाच्या पेटीच्या जागी फ्रिज, मग टीव्ही. वीस मिनिटांचा खेळ.

आमच्या हिला तो इतका आवडला की ती मोठ्याने बोलायला लागली. "हे बघ, आपल्याकडे पंखा कधी आला सांग. दादरला पहिला फ्रिज आला तेव्हा शेजारच्यांची दुधाची भांडी पण आपल्याकडेच असायची." नातू विचारत होता, "आजी, तुमच्याकडे फ्रिज नव्हता? मग आइसक्रीम कुठे ठेवायचा?" सूनबाई हसायला लागली. बाहेर पाऊस थांबला नव्हता, म्हणून आम्ही पुन्हा आत गेलो. तोच खेळ दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी मुलाने फोन खिशात ठेवला होता आणि आईला तो शेजाऱ्यांच्या नावांची आठवण करून देत होता.

उरलेला दिवस आम्ही वाटेल तसे फिरलो. मुलांच्या बाहुल्या गाणं म्हणतात त्या 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'च्या होडीत बसलो, भिजलेल्या बाकावर रुमाल पसरून चुरोज खाल्ले. बदक पुन्हा दिसलं नाही, दुसरं दिसलं.

रात्री परतीच्या बोटीत नातू बापाच्या खांद्यावर झोपलेला. मुलगा मला म्हणाला, "बाबा, उटीची गाडी आठवते? मी खिडकीतून ओरडत होतो, बाबा, धबधबा, धबधबा. तुम्ही वेळापत्रक बघत होतात. तुम्ही मान वर केलीत तोवर बोगदा आला." मला तो धबधबा आठवेना. मी पाहिलाच नव्हता तर आठवणार कसा? मी फक्त विचारलं, "आणि गोराई?" तो म्हणाला, "गोराई सगळी आठवते."

मंडळी, सहा एलएफसी केल्या मी. म्हैसूर, कन्याकुमारी, सिमला, काय काय. वह्या अजून माळ्यावर आहेत. पण माझ्या मुलाच्या हिशोबात जमेला एकच दिवस आहे, आणि तो माझ्या चुकीचा.

नंतर मी या डिस्नेबद्दल थोडं वाचलं. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात हा मनुष्य आपल्या मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवायचा आणि स्वतः बाकावर बसून राहायचा. आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, हे त्याच्या डोक्यात तिथे आलं, असं तो सांगत असे. मला माझा बाक आठवला, मांडीवर पर्स आणि तांब्या घेतलेला. त्याने त्या बाकावर डिस्नेलँड काढलं, मी पिशवी सांभाळली. आणि त्या डिस्नेलँडच्या उद्घाटनाचा दिवस, १७ जुलै १९५५, तोही रविवारच. निमंत्रणं मोजून दिलेली, तरी खोटी तिकिटं घेऊन हजारो लोक घुसले. प्लंबरचा संप झाल्यामुळे पाण्याचे नळ पुरेसे चालू नव्हते. उन्हाने नवं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. इतका फसलेला बेत! तरी लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत होते.

माझ्या बोलण्याचा गैरअर्थ काढू नका. व्हिसा, विमान, मेडिक्लेम, हे ऐनवेळी करा असं मी सांगणार नाही. तेवढा बदललेलो नाही. परदेशी, आयुष्यात एकदाच जाणार असाल, तर मुलगा म्हणतो तेही खोटं नाही, काहीच न ठरवता गेलं तर अर्धा दिवस रांगेत जातो. माझं म्हणणं एवढंच की दारापर्यंतचं ठरवा. दाराच्या आतलं ठरवू नका.

आणि जवळचं असेल तर दारापर्यंतचंही फार ठरवू नका, कारण दार राहत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नातू इथे आला तेव्हा त्याला बाबांची गोराई बघायची होती. एस्सेलवर्ल्ड बंद झालेलं होतं. तरी होडीने गेलो, पलीकडे पॅगोडा पाहिला. तोच सोनेरी घुमट, जो आपल्या गच्चीवरून दिसतो. बावीस वर्षं मी या घरात होतो, तेवढी वर्षं ते पार्क खाडीपलीकडे होतं, आणि मी ठरवत होतो. परतीच्या होडीत हिला म्हटलं, "चुकलंच आपलं." ती म्हणाली, "आपलं नाही. तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी टॅक्सीवाल्याला फोन केला आणि आम्ही इमॅजिकाला गेलो. खोपोली-पाली रस्त्यावर आहे ते, २०१३ साली सुरू झालेलं. मंगळवार होता, गर्दी बेताची. तिथे 'आय फॉर इंडिया' म्हणून एक आहे. खुर्च्यांच्या रांगा हवेत उचलल्या जातात, पाय लोंबकळतात, आणि समोरच्या अवाढव्य पडद्यामुळे आपण देशभर हेलिकॉप्टरने फिरल्यासारखं वाटतं. ७३ व्या वर्षी मी त्यात बसलो. पट्टा बांधताना हिने विचारलं, "पिशवी कोण सांभाळणार?" मी म्हटलं, "राहू दे खाली." मी डोळे मिटले नाहीत, दोन वेळा सोडून. नायट्रो नावाचा जो भयंकर रोलर कोस्टर आहे तो मात्र मी खालून मान वर करून पाहिला आणि तिथूनच नमस्कार केला. नातू गुजरातेत सापडलेल्या राजासॉरस डायनासोरच्या बोटीतून चिंब भिजून आला. बाकी मी तुम्हाला सांगत नाही, कारण तुम्ही बघणार आहात.

तेव्हा आता कामाचं. सहल समितीचा निमंत्रक म्हणून, २०१९च्या ठरावाची अंमलबजावणी मी आज करतोय. येत्या बुधवारी सकाळी सात वाजता गेटपाशी या. नावं लिहून घेणार नाही. जितकी माणसं येतील तितक्या गाड्या मागवू, जागेवर वर्गणी. पार्क त्या दिवशी चालू आहे एवढं मी फोन करून विचारलंय, ही सवय जाता जात नाही. आपापल्या गोळ्या बरोबर घ्या. हृदयाचा, पाठीचा त्रास असलेल्यांनी झोक्यांच्या वाटेला जाऊ नका, बसून बघण्यासारखं पुष्कळ आहे. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा ज्या भगिनी पहाटे चारला उठून पुऱ्या तळायचा विचार करत असतील त्यांनी झोपावं. खिडकीची जागा जो आधी बसेल त्याची.

जयहिंद, जय महाराष्ट्र.

(स्मरणिकेसाठी पुरवणी: त्या बुधवारी सव्वासातला आम्ही अकरा जण तीन गाड्यांतून निघालो. एक गाडी पनवेलच्या पुढे एक्सप्रेस वे चुकून जुन्या पुणे रस्त्याला लागली आणि तासभर उशिरा पोचली. खजिनदार त्याच गाडीत होते. वाटेत त्यांनी खाल्लेल्या बटाटेवड्यांचं वर्णन लिफ्टमध्ये अजून चालू आहे.)